पश्चात्ताप : एका दिवसाचा की आयुष्याचा?

गेल्या जुलै महिन्यात नववीच्या वर्गात मूल्यशिक्षणाचा तास चालू असता एका विद्यार्थ्याने मला प्रश्न विचारला. तो म्हणाला, "सर, बाप्तिस्मा घेताना माणूस पश्चात्ताप करतो असे आपण सांगता. मग दर रविवारी मंडळीत उभे राहून पुन्हा पापांची कबुली देण्याचे कारण काय? एकदा केलेला पश्चात्ताप पुरत नाही काय?" वर्गात थोडे हसू उमटले, परंतु त्या मुलाच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. घंटा होण्यास पाच मिनिटे उरली होती. मी घाईघाईने काही तरी उत्तर दिले व तास संपविला. ते उत्तर माझे मलाच पटले नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या पाच मिनिटांची भरपाई समजावी.

आपल्या शाळेत नाना धर्मांच्या घरांतील मुले शिकतात, आणि हा प्रश्न विचारणारा मुलगाही ख्रिस्ती नव्हता. तेव्हा मी जे मानतो ते माझ्या परीने सांगतो. ज्यांस ते मान्य नसेल त्यांनी ख्रिस्ती माणूस हा शब्द कोणत्या अर्थाने वापरतो एवढे तरी पाहावे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. 'पश्चात्' म्हणजे मागाहून आणि 'ताप' म्हणजे जळणे. कृत्य घडून गेल्यावर मागाहून होणारी जळजळ, असा ह्या शब्दाचा सरळ अर्थ. आपल्या संतांच्या वाङ्मयात ह्याच अर्थाच्या जवळचा 'अनुताप' हा शब्द येतो, आणि अनुतापावाचून भक्ती नाही हे त्यांनी परोपरीने सांगितले आहे. ह्या दोन्ही शब्दांत दाह आहे, आणि तो खराही आहे. परंतु पवित्र शास्त्र ज्या भाषांत लिहिले गेले त्या भाषांतील शब्दांत दाहाहून निराळी एक गोष्ट आहे. जुन्या कराराच्या इब्री भाषेत ह्यासाठी 'शूब' असे क्रियापद येते. त्याचा अर्थ परतणे, माघारी वळणे. वाट चुकलेला मनुष्य थांबतो, तोंड फिरवतो व आल्या वाटेने परत निघतो, ते हे परतणे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतील शब्द आहे 'मेटानोया', म्हणजे मनाचा पालट. जळजळ होणे निराळे आणि वळणे निराळे. तापलेला मनुष्य त्याच चुकीच्या रस्त्यावर उभा राहून दिवसभर रडत बसू शकेल. त्याने घर एका पावलानेही जवळ येणार नाही.

ह्याचे शुभवर्तमानांतील उदाहरण सर्वांस ठाऊक आहे, परंतु त्यातील एक बारकावा सहसा कोणी दाखवून देत नाही. प्रभू येशूस धरून देणाऱ्या यहूदास आपल्या कृत्याचे अतिशय वाईट वाटले. त्याने घेतलेली तीस नाणी मंदिरात फेकून दिली, आणि आपण निर्दोष रक्त विकले हे तोंडाने कबूलही केले. म्हणजे दाह होता, कबुली होती, पैसाही परत गेला होता. तरी मत्तयाने त्याच्यासंबंधाने लिहिताना 'मेटानोया' ह्या कुळातले क्रियापद न वापरता दुसरेच एक वापरले आहे, ज्याचा अर्थ वाईट वाटणे, खंत होणे एवढाच होतो. त्याच रात्री पेत्राने आपल्या गुरूस तीन वेळा नाकारले. तोही बाहेर जाऊन रडला. परंतु पेत्र परत आला. पुढे समुद्रकाठी प्रभूने त्यास जितक्या वेळा नाकारले होते तितक्याच वेळा, म्हणजे तीनदा, प्रीतीविषयी विचारले, आणि पेत्र तेथून उठून गेला नाही. यहूदा आपल्या पापाकडे पाहत राहिला. पेत्राने पापावरून दृष्टी काढून ज्याचा अपराध केला होता त्याच्याकडे पाहिले.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. हाच प्रश्न सुमारे पाचशे वर्षांपूर्वी युरोपात फार मोठ्या प्रमाणावर उपस्थित झाला. पश्चिमेकडील मंडळीत शास्त्र लॅटिन भाषांतरात वाचले जात असे, आणि त्या भाषांतरातील शब्दाचा अर्थ हळूहळू 'प्रायश्चित्त करा' असा रूढ होऊन गेला होता. पाप झाले की धर्मगुरूकडे जावे, त्याने नेमून दिलेले प्रायश्चित्त करावे, हिशेब फिटला. पुढे पुढे तर द्रव्य देऊन क्षमापत्रे घेण्याची चाल पडली. सन १५१६ मध्ये इरॅस्मस ह्या पंडिताने ग्रीक नवा करार छापून प्रसिद्ध केला व मूळ शब्द लोकांच्या दृष्टीस पडला. पुढच्याच वर्षी, ३१ ऑक्टोबर १५१७ रोजी, मार्टिन लूथर ह्याने विटेनबर्ग येथे क्षमापत्रांविरुद्ध आपली ९५ कलमे मांडली. त्यांतील अगदी पहिल्या कलमाचा आशय असा की, ख्रिस्ताने पश्चात्तापाची आज्ञा केली तेव्हा भक्ताचे सर्व आयुष्यच पश्चात्ताप व्हावे अशी त्याची इच्छा होती. जे वर्षातून एकदा उरकावयाचे काम होते ते लूथरने श्वासोच्छ्वासासारखे करून ठेविले. एका शब्दाचा अर्थ सुधारला आणि युरोपाचा इतिहास फिरला. भाषेच्या तासाला 'शब्द चुकला तर काय बिघडले' असे म्हणणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांनी हे ध्यानात ठेवावे!

परंतु सर्व आयुष्यच पश्चात्ताप कशासाठी? मनुष्य इतका का घसरतो? ह्याचे उत्तर मला आपल्या लातूरच्या आडत बाजारात सापडले. तूर, हरभरा, सोयाबीन ह्यांच्या पोत्यांनी भरलेल्या त्या बाजारात सर्व व्यवहार काट्यावर चालतो. ज्या व्यापाऱ्याचा काटा खरा त्याची पत मोठी. जो काटा मारतो त्याचे नाव पंचक्रोशीत होते. आता एक प्रामाणिक व्यापारी घ्या. त्याने खरी वजने विकत आणली, त्यांवर सरकारी शिक्का आहे, आणि त्याच्या मनात काडीचे कपट नाही. तरीही वैधमापन खात्याचा नियम असा की त्या वजनांची ठराविक मुदतीने पुन्हा पडताळणी झाली पाहिजे व नवा शिक्का बसला पाहिजे. कारण लोखंड हाताळून झिजते, दमट हवेत गंजते, त्याला धूळ व तेलाचा थर चढतो. हे सर्व व्यापाऱ्याच्या नकळत होते. दुकानातील एका वजनाशी दुसरे ताडून पाहून हा फरक कळत नाही, कारण ती दोन्ही एकाच हाताने झिजलेली असतात. त्यासाठी दुकानाबाहेरचे प्रमाण वजन लागते.

ह्याहून आश्चर्याची हकीकत विज्ञानाच्या इतिहासात आहे. फ्रान्स देशात पॅरिसजवळ सेव्र येथे प्लॅटिनम व इरिडियम ह्या धातूंचा एक छोटा दंडगोल १८८९ सालापासून काचेच्या झाकणांखाली जपून ठेविला होता. साऱ्या जगाचा किलोग्रॅम म्हणजे तोच. त्यास क्वचितच बाहेर काढीत. तरी सुमारे शंभर वर्षांच्या अवधीत तो व त्याच्याबरोबर घडविलेल्या प्रती ह्यांच्या वजनांत ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला आढळला. आणि दंडगोल हलका झाला की प्रती जड झाल्या हे सांगण्यास जगात दुसरे काही साधनच नव्हते! अखेर २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या त्या दंडगोलावरून काढून घेऊन निसर्गातील एका अचल स्थिरांकावर बसविण्यात आली. मनुष्याने घडविलेले व कुलपात जपलेले प्रमाणही ढळते. मग रोज बाजारात वापरले जाणारे आपले मन वीस वर्षांपूर्वीच्या एका शिक्क्यावर कसे निभावेल? देवाचे सत्य बदलत नाही, आपण झिजतो. त्या सत्याशी एकनिष्ठ राहणे म्हणजे आपण एकदा जे म्हटले त्यास हट्टाने चिकटून बसणे नव्हे. आपला काटा पुनःपुन्हा त्याच्यापुढे नेऊन ठेवणे हीच ती निष्ठा.

हे सर्व तत्त्व झाले. ते एका आयुष्यात कसे उतरले हे पाहावयाचे असेल तर लातुराहून फार दूर जावे लागत नाही. कुर्डुवाडीवरून दौंडास जावे. तेथून पुण्याच्या बाजूस थोड्या अंतरावर केडगाव हे स्टेशन लागते. तेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे ह्यांनी लोकमताची पर्वा न करता पत्नीस संस्कृत शिकविले, आणि आईने ते मुलीस दिले. १८७० नंतरच्या दुष्काळी वर्षांत आईवडील निवर्तले. बहीणभाऊ पायी देश हिंडत १८७८ साली कलकत्त्यास पोहोचले व तेथील विद्वानांनी रमाबाईंस 'पंडिता' व 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. विवाह, कन्या मनोरमेचा जन्म आणि वैधव्य हे सर्व १८८० ते १८८२ ह्या अल्प काळात घडले. १८८३ साली त्या इंग्लंडात गेल्या आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

सामान्य चरित्रकार येथे एक प्रकरण संपवितो. माझ्या मते खरे प्रकरण येथे सुरू होते. बाप्तिस्मा घेतल्यावरही रमाबाईंनी आपला विवेक कोणाच्या स्वाधीन केला नाही. वाँटेजच्या धर्मभगिनींशी, विशेषतः ज्यांना त्या मातेप्रमाणे मानीत त्या सिस्टर जेराल्डीन ह्यांच्याशी, त्यांचा मतांविषयी दीर्घ पत्रव्यवहार झाला. एखादे मत मंडळीने ठरविले म्हणून नव्हे, तर शास्त्रात दिसते म्हणून मानीन, असा त्यांचा बाणा होता. त्या भगिनींस हा अहंकार वाटला. आणि थोडा असेलही, कारण ज्या स्त्रीने तरुणपणीच काशी-कलकत्त्याच्या विद्येशी टक्कर दिली तिच्या ठायी अभिमान नसता तरच नवल. परंतु सत्य शोधणाऱ्यास अभिमानाचीही पारख एक दिवस करावी लागते. रमाबाईंवर तो दिवस बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी आला.

त्या वेळी त्या मोठ्या कीर्तीच्या स्त्री होत्या. अमेरिकेत त्यांची व्याख्याने झाली होती. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत 'शारदा सदन' सुरू होऊन पुढे ते पुण्यास आले होते. अशा वेळी त्यांनी विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज पाळकाचे आत्मचरित्र वाचले. हॅस्लम हा कॉर्नवॉल परगण्यात बाल्ढू येथे पाळक असता १८५१ साली स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचेच प्रवचन करीत असता, त्याच्या मनाचा पालट झाला होता. ते वाचून रमाबाई विचारात पडल्या. आणि पुढे १९०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या साक्षीत त्यांनी मोकळेपणे कबूल केले की, इतकी वर्षे आपणांस ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण स्वतः ख्रिस्त मिळाला नव्हता.

ह्या कबुलीची किंमत किती हे जरा ध्यानात घ्या. ज्या धर्मांतरासाठी त्यांनी आप्त, समाज व लौकिक गमावला, त्याविषयीच त्या म्हणतात की ते अपुरे होते! विरोधकांच्या हाती हे कोलीतच होते. चारचौघांत आपली बाजू राखून धरणारा मनुष्य असे कधीही बोलणार नाही. रमाबाई बोलल्या, कारण आपल्या बाजूपेक्षा त्यांना सत्य अधिक प्रिय होते. १८९३ साली शारदा सदनातील काही मुली त्यांच्या प्रार्थनेस बसतात ह्यावरून पुण्यात वादळ उठले, रानडे व भांडारकर ह्यांच्यासारख्या थोरांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले, व कित्येक पालकांनी मुली नेल्या. रानडे-भांडारकरांसही आपला शब्द पाळावयाचा होता. त्यांना दोष देण्याचे कारण मला दिसत नाही. रमाबाईंनी मात्र आपल्या प्रार्थनेच्या खोलीचे दार लावून घेण्यास नकार दिला.

पुढे दुष्काळांतून सोडवून आणलेल्या शेकडो मुलींसह केडगावी १८९८ साली मुक्तीची स्थापना झाली. जानेवारी १९०५ पासून तेथे रोज पहाटे विशेष प्रार्थना सुरू झाली. प्रथम सुमारे ७० जणी जमत, जूनपर्यंत ती संख्या ५५० वर गेली. जूनच्या अखेरीस ज्यास 'मुक्तीचे उज्जीवन' म्हणतात तो प्रसंग घडला. मुली मोठमोठ्याने रडून आपली पापे कबूल करू लागल्या. बाहेरच्या कित्येक ख्रिस्ती माणसांनाही तो गोंगाट रुचला नाही. मलाही रडण्याच्या आवाजावरून पश्चात्ताप मोजणे पटत नाही. परंतु ज्यांचे प्राण रमाबाईंनी वाचविले त्या मुलींबरोबर त्या स्वतःही दयायाचक म्हणून गुडघे टेकीत, ही गोष्ट मला त्या आवाजापेक्षा फार मोठी वाटते.

आणि ह्याच सुमारास त्यांनी ते काम हाती घेतले ज्यास त्यांच्या आयुष्याची शेवटची पंधराहून अधिक वर्षे गेली. प्रचलित मराठी पवित्र शास्त्राची भाषा संस्कृतप्रचुर असल्याने ती अशिक्षित बायकांस कळत नाही, असे त्यांच्या ध्यानात आले. संस्कृतवर प्रभुत्व असलेली ही विदुषी उतारवयात इब्री व ग्रीक शिकली, आणि सारे शास्त्र सोप्या मराठीत आणू लागली. टंक जुळविणे, छपाई, बांधणी ही कामे मुक्तीतील स्त्रियाच करीत. ज्याने मुद्रिते तपासली आहेत त्यास हे काम कसले असते ते ठाऊक आहे. आमच्या ह्या वार्षिक अंकाची चाळीस पाने तपासताना माझी त्रेधा उडते. चौथ्यांदा वाचतानाही पहिल्या ओळीत चूक सापडते, आणि ती तीन वेळा नजरेतून सुटली ह्याची लाज वाटते. तेथे तर उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंतचा ग्रंथ होता. २४ जुलै १९२१ रोजी एकुलती एक कन्या मनोरमा वारली. आईने मुद्रिते तपासण्याचे काम सोडले नाही. ते संपवून ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई निवर्तल्या. मूळ प्रत समोर, आपले लिहिणे बाजूस, आणि हातात चूक खोडण्याची लेखणी अशी त्यांची ती वर्षे गेली. निरंतर पश्चात्तापाचे चित्र काढण्यास मला कोणी सांगितले तर मी हेच काढीन.

येथे एक धोक्याची सूचना देणे अवश्य वाटते. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे किल्लारीच्या भूकंपाने आपला हा प्रदेश हादरला. आदल्या दिवशी गणपतींचे विसर्जन झाले होते. लोक उशिरा निजले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती निजलेल्यांच्या अंगावर आल्या आणि सुमारे आठ हजार माणसे दगावली. मी तेव्हा शाळकरी मुलगा होतो. त्या दिवसांत एका वडीलधाऱ्या माणसाच्या तोंडून मी ऐकले की त्या गावांची पापे भरली होती. पुढे लूककृत शुभवर्तमान वाचताना मला आढळले की हाच विचार काही लोकांनी प्रभू येशूपुढे मांडला होता. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे चिरडली, त्या गोष्टीचा त्याने स्वतःच उल्लेख केला, आणि ती माणसे इतरांपेक्षा अधिक पापी होती काय, ह्या प्रश्नास स्पष्ट नकार दिला. मग त्याने ऐकणाऱ्यांकडे वळून तुम्हीच पश्चात्ताप करा असे सांगितले. पश्चात्ताप हा शब्द दुसऱ्याच्या पडलेल्या घराकडे बोट करून उच्चारावयाचा नव्हे. ज्याचे घर उभे आहे त्यास तो लागू आहे.

पालकांसही एक विनंती करावयाची आहे. मुलगा खोटे बोलला तर आपण त्यास 'चुकलो म्हण' असे दरडावतो. परंतु आपल्यापैकी किती जणांनी, वडिलांनी किंवा आईने, मुलासमोर 'बाळ, मी चुकलो' असे म्हटले असेल? आणि शिक्षकांनी? हे लिहिताना मला माझीच एक गोष्ट सांगणे भाग आहे.

काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका गावी नोकरीस होतो. निबंधाच्या वह्या तपासताना एका मुलाचा निबंध मला त्याच्या मानाने फारच चांगला वाटला. तो त्याने कोठून तरी उतरला असावा अशी माझी खात्री झाली. मी भर वर्गात त्यास उभे करून बोललो, गुण कापले. मुलगा एक शब्दही बोलला नाही. आठवड्याने वह्यांच्या गठ्ठ्यात चुकून आलेली त्याची कच्ची वही माझ्या हाती पडली. तोच निबंध तीत तीन वेळा लिहिलेला होता, खोडून, बाण काढून, समासात शब्द भरून. निबंध त्याचाच होता.

मी काय केले? नोंदवहीत त्याचे गुण गुपचूप पूर्ववत केले, कच्ची वही त्याच्या बाकावर ठेवून दिली, आणि प्रकरण मिटले असे ठरविले. पुढचे दोन महिने दर रविवारी मी मंडळीबरोबर पापांची कबुली मोठ्याने म्हणत होतो, आणि खोटे सांगत नाही, ती मनापासून म्हणत होतो. मग एके दिवशी जक्कयाची गोष्ट शिकविण्याची पाळी आली. लोकांस फसवून धनवान झालेला तो जकातदार प्रभू घरी येताच उभा राहून, सर्वांसमक्ष, ज्याचे घेतले त्यास चौपट परत देईन असे म्हणतो. शिकविता शिकविता मला दिसले की मी गुण परत केले होते, अब्रू परत केली नव्हती. अपमान वर्गासमोर झाला होता आणि भरपाई कपाटात. दिवाळीची सुट्टी संपल्यावर पहिल्या तासाला मी वर्गास सर्व हकीकत सांगितली व त्या मुलाची क्षमा मागितली. मुलगा खाली पाहत होता. "असू द्या, सर," एवढेच तो म्हणाला.

त्यानंतर वर्षअखेरपर्यंत तो प्रत्येक निबंधाबरोबर आपली कच्ची वहीही माझ्या मेजावर आणून ठेवीत असे. त्याची जरूर नाही असे मी त्यास दोनदा सांगितले. त्याने मान डोलावली, आणि पुढच्या निबंधाबरोबर पुन्हा दोन्ही वह्या आणल्या.